सॉकेट एरर: नावावरून नाही, लक्षणांवरून नोंदवही करू या

बाळीवेसकर

मंडळी, एक काम सुचवायचंय आणि त्यासाठी हात हवेत.

आपल्याकडे दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी स्क्रीनशॉट टाकतं. "कनेक्शन रिफ्यूज्ड यायलंय, काय करू?" नाहीतर "कनेक्शन रीसेट बाय पीअर, अर्जंट". खाली उत्तरं येतात: फायरवॉल बंद कर, सर्व्हर रीस्टार्ट कर, पोर्ट बदलून बघ. त्यातलं एखादं लागू पडतं आणि का लागू पडलं ते कुणालाच कळत नाही. महिन्याभरानं तोच प्रश्न दुसऱ्याकडून येतो. चिंचोळीच्या कारखान्यात सॉफ्टवेअर बसवणारा असो, जुळे सोलापुरात घरून काम करणारी असो की कॉलेजात प्रोजेक्ट करणारी पोरं असोत, अडतात सगळे त्याच जागी.

या सॉकेट एररची, म्हणजे प्रोग्राम नेटवर्कवरून ज्या टोकातून बोलतो तिथं येणाऱ्या एररची, आपण मराठीत नीट नोंदवही करावी असं मला वाटतं. पण एररची नावं आणि पुढं अर्थ अशी यादी मला नकोय. तशा याद्या भरपूर आहेत आणि त्यांनी कुणाचं अडलेलं काम सुटत नाही. का सुटत नाही ते सांगतो.

हे एरर कोड बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समधल्या सॉकेटपासून चालत आलेत. साल १९८३. प्रोग्रामने कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) एक काम सांगायचं आणि ते फसलं तर कर्नलने एक आकडा परत द्यायचा, एवढीच सोय. मधल्या वाटेवर काहीही घडो, ते त्या मोजक्या आकड्यांपैकी एकात बसवावं लागतं. म्हणून एका नावाखाली कितीतरी कारणं दडतात. आणि उलटही होतं, एकच कारण वेगवेगळ्या नावांनी समोर येतं.

साधी गोष्ट घ्या: फायरवॉलने पोर्ट (मशीनवरच्या एखाद्या सेवेचा क्रमांक) अडवलंय. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल तर तुम्हाला "कनेक्शन टाइम्ड आउट" मिळेल. ती पोर्ट अनरीचेबल असा आयसीएमपी निरोप (नेटवर्कवरची अडचण कळवणारं पॅकेट) पाठवत असेल तर लिनक्सवर "कनेक्शन रिफ्यूज्ड". आणि होस्ट प्रोहिबिटेड असा निरोप पाठवत असेल तर "नो रूट टू होस्ट". त्याच मशीनला पिंग मात्र व्यवस्थित जातोय! माणूस रूटिंग टेबल उघडून बसतो, केबल बदलतो, स्विचकडे धावतो. रूटचा काही संबंधच नसतो.

तर माझा प्रस्ताव: प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. कुठल्या कॉलवर एरर आली (कनेक्ट, बाइंड, सेंड, रिसीव्ह). किती वेळाने आली. आणि ती कोणी सांगितली: आपल्याच कर्नलने, पलीकडच्या मशीनने, की मधल्या एखाद्या खोक्याने (राउटर, फायरवॉल). एवढं कळलं की कारणं पाच-सहावरून एक-दोनवर येतात.

नमुन्याची नोंद माझ्याकडून:

कनेक्शन रिफ्यूज्ड, कनेक्ट कॉलवर. एररचा आकडा लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विंडोजवर १००६१. लॅनवर असाल तर क्षणात येते. बहुतेक वेळा पलीकडचं मशीन चालू आहे, पॅकेट तिथवर पोचलंय आणि उत्तरादाखल आरएसटी (रीसेट, कनेक्शन नाकारणारं किंवा तोडणारं पॅकेट) आलंय, म्हणजे त्या पत्त्यावर त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. क्वचित फायरवॉल त्याच्या वतीनं नकार देते. आधी सर्व्हरवर बघा की प्रोसेस चालू आहे का, आणि ती १२७.०.०.१ वर (फक्त स्वतःपुरती) ऐकतेय की ०.०.०.० वर (सगळ्या पत्त्यांवर). फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर त्याच मशीनवरून चालेल आणि बाहेरून सगळ्यांना रिफ्यूज्ड. डॉकरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, हे विसरल्यानेही हीच एरर येते. इथे केबल, वायफाय तपासण्यात वेळ घालवू नका. उत्तर आलंय म्हणजे वाट चालू आहे.

शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. काय तपासू नये हे नोंदीत असलंच पाहिजे.

सत्तरफूट

कल्पना चांगली आहे, पण एक शंका. मॅन पेजेस (युनिक्स-लिनक्सची अधिकृत माहितीपानं) आहेत, मायक्रोसॉफ्टची विनसॉक (विंडोजचे सॉकेट) कोडची यादी आहे. तेच मराठीत उतरवून काय होणार? पोरांनी मूळ वाचायची सवय लावायला हवी.

बाळीवेसकर

मूळ वाचायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण कनेक्टच्या मॅन पेजमध्ये रिफ्यूज्डबद्दल एक ओळ आहे: पलीकडे कुणी ऐकत नाही, अशा अर्थाची. फायरवॉलच्या नकाराचं तिथं काही नाही. एरर क्षणात येईल की दोन मिनिटांनी, याबद्दलही काही नाही. मॅन पेज कॉलचा करार सांगतं. रात्री अकरा वाजता अडलेल्या माणसाला करार नको असतो, पुढची तपासणी कुठली ते हवं असतं. त्या दोन्हींच्या मधली जागा रिकामी आहे, आपण ती भरू.

विजापूरनाका

वेळेच्या मुद्द्याला माझा जोरदार पाठिंबा. सर्व्हर सांभाळण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली आणि एररच्या मजकुरापेक्षा घड्याळाने मला जास्त वेळा वाचवलंय.

लिनक्सवर कनेक्टला अजिबात उत्तर आलं नाही तर कर्नल पहिलं पॅकेट परत परत पाठवतो, डीफॉल्टने सहा वेळा. मधलं अंतर दुप्पट होत जातं: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ सेकंद. बेरीज १२७. म्हणून वर्षानुवर्षं चालत आलेल्या कर्नलवर टाइमआउट दोन मिनिटं सात सेकंदांनी येतो. अलीकडच्या कर्नलमध्ये सुरुवातीचे प्रयत्न जवळजवळ असतात, त्यामुळे तिथं हा वेळ कमी भरतो. तुमच्या लॉगमध्ये १२७ सेकंद दिसले तर समजा की कर्नलच थकला आणि ॲप्लिकेशनने स्वतःचा टाइमआउट लावलेलाच नाही.

उलट ५, १०, ३०, ६० असे गोल आकडे दिसले तर ते कुणीतरी माणसाने कॉन्फिगमध्ये लिहिलेत. लायब्ररी, प्रॉक्सी, लोड बॅलन्सर, कुठेतरी. नेटवर्ककडे बघण्याआधी तो आकडा कुठे लिहिलाय ते शोधा.

आणि त्याच लॅनवर साधारण तीन सेकंदांनी "नो रूट टू होस्ट" आलं तर एआरपीला ("हा आयपी कुणाचा?" या लॅनवरच्या हाकेला) उत्तर नाही. मशीन बंद आहे, किंवा आयपी बदललाय, किंवा केबल निघालीय. इथे केबल जरूर बघा. बाळीवेसकरांच्या फायरवॉलवाल्या उदाहरणात हीच एरर लगेच येते. मजकूर एकच, तीन सेकंदांचा फरक, आणि कारणं दोन टोकांची.

विंडोजसाठी एक पुरवणी: तिथं आरएसटी आलं तरी कनेक्ट लगेच हार मानत नाही, पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून रिफ्यूज्डला सेकंद-दोन सेकंद लागतात, अगदी लोकलहोस्टवरसुद्धा. "क्षणात" हे लिनक्स-मॅकपुरतं लिहा.

मागावरचा

मी प्रोग्रामर नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांची इलेक्ट्रॉनिक्स बघतो. तरी इथं बोलतो कारण हा त्रास आमच्याकडं रोजचा आहे.

टेरी टॉवेलच्या मागांवर आम्ही छोटी खोकी लावलीत. पिका (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) किती झाल्या, माग किती वेळ थांबला, हे ते खोकं लॅनवरून ऑफिसातल्या विंडोज पीसीला पाठवतंय. सॉफ्टवेअर बाहेरून करून घेतलंय. लाइट गेली की खोकी बंद पडतात. पीसीला यूपीएस आहे, तो चालू राहतो. गंमत बघा, लाइट गेलेली असताना पीसीवर सगळे माग "कनेक्टेड" हिरवे दिसतात. एरर काहीच नाही. आणि लाइट आली, खोकी चालू झाली, की मग १००५४ (कनेक्शन रीसेट) ची रांग लागते. सॉफ्टवेअरवाले म्हणतात तुमचं नेटवर्क खराब आहे. स्विच बदलून झाला, वायर बदलून झाली. फरक शून्य.

तुम्ही म्हणता ते मला पटलं. मागावर ताण्याचा धागा तुटला की ड्रॉपर पडतो आणि माग थांबतो. ड्रॉपर पडला एवढंच कळतं. सुतात गाठ होती, ताण जास्त होता, का हवा कोरडी होती, ते जाऊन हातानं बघावं लागतं. पण आमच्याकडं तर धागा तुटलेला असताना ड्रॉपर पडत नाही आणि जोडल्यावर पडायलाय, असं झालंय. ते कसं काय?

विजापूरनाका

दादा, तुम्ही दिलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की उत्तर त्यातच आहे. तुमचं नेटवर्क खराब नाही.

टीसीपीचं (तुमची खोकी आणि पीसी ज्या पद्धतीने बोलतात तिचं) कनेक्शन म्हणजे मधे ताणलेली वायर नव्हे. दोन्ही टोकांच्या मेमरीत एकेक नोंद असते, बस. खोकं नीट बंद झालं तर ते फिन पॅकेट पाठवतं आणि पीसी आपली नोंद मिटवतो. लाइट गेली तेव्हा खोक्याला काही पाठवायला वेळच मिळाला नाही. पीसी नुसता ऐकत बसलाय. कुणी काही बोलत नाही, आणि टीसीपीत गप्प बसणं ही चूक धरली जात नाही. म्हणून तो हिरवं दाखवतो. त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे.

लाइट आल्यावर खोकं कोऱ्या मेमरीने उठतं. पीसी जुन्या कनेक्शनवर काहीतरी पाठवतो. खोकं म्हणतं, असलं कनेक्शन मला माहीत नाही, आणि आरएसटी धाडतं. पीसीला १००५४ मिळतो. म्हणजे ही एरर तासाभरापूर्वी मेलेल्या कनेक्शनची आहे. अडचण आत्ताची नाही, निरोप आत्ता पोचतोय.

कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारी) नावाची सोय आहे, पण ती प्रोग्रामने मुद्दाम चालू करावी लागते. चालू केली तरी लिनक्सवरचे डीफॉल्ट आकडे बघा: ७२०० सेकंद शांतता झाली की पहिली चाचणी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने, अशा एकूण नऊ. म्हणजे मेलेलं कनेक्शन ओळखायला दोन तास अकरा मिनिटं. विंडोजवरही पहिले दोन तास तसेच. तोवर पाळी बदलायची वेळ येईल.

तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना दोन गोष्टी सांगा. खोक्याने दर काही सेकंदांनी छोटा "मी आहे" असा निरोप पाठवावा. ठरलेल्या वेळात तो आला नाही तर पीसीने कनेक्शन स्वतः बंद करून माग लाल दाखवावा. आणि त्याच मागाचं नवं कनेक्शन आलं की जुनं लगेच टाकून द्यावं. स्विचला हात लावायची गरज नाही.

बाळीवेसकर, नोंदवहीत ही पहिल्या पानावर हवी: एरर न येणे. यासाठी कुठलाच आकडा नसतो म्हणून कुठल्याच यादीत ती नसते.

बाळीवेसकर

घेतली. "सगळं कनेक्टेड दिसतंय पण डेटा येत नाही" या शीर्षकाखाली. मागावरचा, तुमच्या पोस्टमधलं वर्णन जसंच्या तसं लक्षणांत टाकू का? प्रोग्रामरने लिहिलं असतं तर यूपीएसचा उल्लेख आलाच नसता, आणि खरी मेख त्यातच आहे.

मागावरचा

टाका की. कारखान्याचं नाव तेवढं नको. विजापूरनाका ताई, तुमचं उत्तर प्रिंट काढून सॉफ्टवेअरवाल्यांना दिलंय.

सत्तरफूट

१००५४ चा विषय निघालाय तर त्याचा शेजारी १००५३ पण लिहा. लोक दोन्ही एकच धरतात. १००५४ म्हणजे पलीकडच्याने तोडलं. १००५३ म्हणजे आपल्याच मशीनने तोडलं: पाठवलेल्या डेटाला पोच येत नाही म्हणून नाद सोडला, किंवा मधे काही सॉफ्टवेअर घुसलंय. १००५३ आला की समोरच्या टीमला मेल पाठवण्याआधी आपलं मशीन बघायचं. कोणी सांगितलं हा तुमचा तिसरा प्रश्न विंडोजने इथं आकड्यातच सोडवून दिलाय.

आणि आकड्यांचं कोडं: विंडोजच्या आकड्यातून १०००० वजा केले की बीएसडीचा मूळ आकडा उरतो. १००६१ मधून ६१, १००५४ मधून ५४, १००६० मधून ६०. मॅक त्याच घराण्यातला म्हणून तिथे तेच आकडे आहेत. लिनक्सने आपले वेगळे लावले: १११, १०४, ११०. त्यामुळे नोंद नावाने लावा, आकडे तिन्ही द्या. नुसता आकडा टाकून शोधलं तर भलत्याच सिस्टिमचं उत्तर सापडतं.

माझी मूळ शंका मी मागे घेतो असं नाही, पण मागांचं उदाहरण कुठल्याही मॅन पेजमध्ये सापडणार नाही हे मान्य.

शेवटचं_वर्ष

नमस्कार. मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये पायथनचा चॅट सर्व्हर आहे. बंद करून लगेच चालू केला की "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज", ९८. थोडा वेळ थांबलं की चालतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मात्र कितीही थांबलं तरी तीच एरर. दोघींचा कोड एकच आहे. ही एकच एरर आहे की दोन?

पुणे_सोलापूर

दोन. आणि "थोडा वेळ थांबलं की चालतो" हे लिहिलंस म्हणून ओळखता आलं.

तुझ्याकडे: जी बाजू कनेक्शन आधी बंद करते तिच्याकडे ते टाइम-वेट अवस्थेत काही काळ राहतं, वाटेत रेंगाळलेली जुनी पॅकेट्स नव्या कनेक्शनमध्ये मिसळू नयेत म्हणून. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंद आहे आणि तो कर्नलमध्येच पक्का लिहिलेला आहे. तुझा सर्व्हर आधी बंद झाला म्हणून तिथं टाइम-वेट शिल्लक राहिलं. बाइंड करण्याआधी रीयूज-ॲड्रेस हा पर्याय चालू कर, प्रश्न मिटेल.

मैत्रिणीकडे: जुना सर्व्हर मागे खरंच चालू असणार, किंवा दुसरं काहीतरी त्या पोर्टवर बसलंय. कंट्रोल-झेड दाबून बंद केलाय असं वाटतं तेव्हा प्रोसेस फक्त थांबलेली असते, मेलेली नसते. एसएस कमांडने ऐकणारी पोर्ट आणि त्यांच्या प्रोसेस बघा, कळेल.

रीयूज-ॲड्रेसचा तो पर्याय विंडोजवर जसाच्या तसा नेऊ नका. तिथं त्याचा अर्थ वेगळा आहे: दुसरा प्रोग्राम ऐकत असलेल्या पोर्टवरही बाइंड होऊ देतो. एरर जाते आणि दोन सर्व्हर एकाच पोर्टवर बसतात. कुठली विनंती कुणाकडे जाईल ते सांगता येत नाही. विंडोजवर सर्व्हरसाठी एक्स्क्लुझिव्ह-ॲड्रेस-यूज वापरा.

शेवटचं_वर्ष

खूप धन्यवाद. तिच्याकडे खरंच जुनी प्रोसेस थांबलेली सापडली.

अजून एक विचारू का? नोडमध्ये (नोड.जेएस) "लोकलहोस्ट" लिहिलं की रिफ्यूज्ड येतं आणि १२७.०.०.१ लिहिलं की चालतं.

पुणे_सोलापूर

नोडची कुठली आवृत्ती? १७ पासून (२०२१) नोड डीएनएसने (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सोयीने) दिलेला पत्त्यांचा क्रम बदलत नाही. लोकलहोस्टचा आयपीव्ही६ पत्ता आधी आला तर आधी तिकडे जातो, आणि तुमचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर रिफ्यूज्ड. २० पासून तो दोन्ही पत्ते आजमावतो, त्यामुळे हा प्रकार कमी झालाय. एररमध्ये पत्ता नीट वाच: दोन विसर्ग आणि १ असं (::1) दिसलं तर हेच.

इथेच माझी एक नोंद देतो, कारण "कुठल्या कॉलवर" हा प्रश्न या एररने मला शिकवला. "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस", लिनक्स ९९. बाइंडवर आली तर अर्थ सरळ: जो आयपी मागताय तो या मशीनचा नाही. पण हीच एरर कनेक्टवर येते तेव्हा लोक आयपी कॉन्फिगरेशन चिवडत बसतात, आणि तिथे सगळं ठीक असतं. कनेक्टवर तिचा अर्थ बहुतेकदा असा: बाहेर जायला लागणारी तात्पुरती पोर्ट संपलीत.

लिनक्समध्ये ती डीफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२. एकाच डेटाबेसच्या एकाच पोर्टकडे दर क्वेरीला नवं कनेक्शन उघडून तुम्ही बंद करत असाल तर प्रत्येक पोर्ट ६० सेकंद टाइम-वेटमध्ये अडकतं. भागाकार करा: सेकंदाला साधारण ४७० कनेक्शनच्या वर गेलात की साठा संपणार. टेस्टिंगमध्ये कधीच दिसत नाही, गर्दीच्या वेळीच दिसते, आणि गर्दी ओसरली की मिनिटभरात आपोआप जाते. उपाय कनेक्शन पूल, म्हणजे उघडलेली कनेक्शन ठेवून तीच पुन्हा वापरणं. पोर्टची मर्यादा वाढवणं म्हणजे तारीख पुढं ढकलणं.

विजापूरनाका

आता मला सगळ्यात छळणारी नोंद लिहिते. जरा लांब होईल, पण ती कुठेच नीट सापडत नाही.

लक्षण: मोठी फाइल अपलोड करताना "कनेक्शन रीसेट बाय पीअर" किंवा "ब्रोकन पाइप". लहान फाइल चालते. सर्व्हरचा लॉग बघितला तर सर्व्हर म्हणतो, मी तर व्यवस्थित उत्तर दिलं: फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे, ४१३. क्लायंट म्हणतो, मला उत्तर आलंच नाही. दोघंही खरं सांगतायत.

घडतं असं. सर्व्हरने हेडर वाचून आकार बघितला, उत्तर लिहिलं आणि लगेच सॉकेट बंद केलं. पण क्लायंटचा डेटा अजून येतोय आणि सर्व्हरच्या बफरमध्ये न वाचलेला पडलाय. न वाचलेला डेटा असताना बंद केलं तर लिनक्स फिन पाठवत नाही, आरएसटी पाठवतो: तू पाठवलेलं सगळं मी वाचलेलं नाही, हे कळवायला. ते आरएसटी क्लायंटकडे पोचलं की तिथं आलेलं पण अजून न वाचलेलं उत्तरही हातचं जाऊ शकतं. कधी उत्तर मिळतं, कधी रीसेट. सगळा खेळ कोण आधी पोचलं याचा. म्हणून ही एरर पुन्हा घडवून दाखवता येत नाही आणि माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागतो.

उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे. उत्तर लिहून झालं की फक्त लिहिण्याची बाजू शटडाउन करायची, येणारा डेटा मर्यादित वेळ वाचून फेकून द्यायचा, मग क्लोज. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये लिंगरिंग क्लोज नावाने हेच केलेलं आहे आणि ते डीफॉल्टने चालू असतं. स्वतः सॉकेटवर सर्व्हर लिहिणाऱ्याला मात्र ते हाताने करावं लागतं.

"ब्रोकन पाइप"बद्दल एक जोड. पलीकडचा निघून गेल्यावर तुमचा पहिला सेंड यशस्वी होतो! कर्नलने डेटा बफरमध्ये घेतला म्हणजे यश, पोचला म्हणजे नव्हे. त्याला उत्तर म्हणून आरएसटी येतं आणि दुसऱ्या सेंडला ब्रोकन पाइप. म्हणजे एरर ज्या ओळीवर दिसते तिच्या आधीचा संदेश हरवलेला असतो. सी मध्ये तर सिगपाइप सिग्नल येऊन प्रोग्राम एक अक्षर न लिहिता मरतो; पायथन तो सिग्नल बाजूला ठेवतो म्हणून तिथं निदान एक्सेप्शन दिसतं.

सत्तरफूट

ताई, हे वाचून एक जुनं प्रकरण डोळ्यासमोर आलं. नोंद घ्याच.

यशस्वी सेंड म्हणजे पोचलं नव्हे, हे जावावाल्यांसाठी वेगळ्या शब्दांत लिहायला हवं. आमच्याकडे "कनेक्ट टाइम्ड आउट" आणि "रीड टाइम्ड आउट" दोन्ही एकाच सॉकेट टाइमआउट एक्सेप्शनमध्ये येतात, फरक फक्त मजकुरात. पहिल्यात विनंती गेलीच नाही, बिनधास्त पुन्हा पाठवा. दुसऱ्यात विनंती गेलीय, पलीकडे काम झालं की नाही ते माहीत नाही. तिथं आंधळेपणाने पुन्हा पाठवलं की ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. सरसकट रिट्राय लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद आधी वाचावी. "पुन्हा पाठवलं तर चालेल का" हा चौथा रकाना करा.

बाळीवेसकर

चौथा रकाना मंजूर. मला सुचला नव्हता आणि तो बाकी तिन्हींपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

मधला_मारुती

सी वाल्यांसाठी एक: सॉकेटवर रिसीव्ह-टाइमआउट लावला आणि वेळ संपली, तर "टाइम्ड आउट" येत नाही. लिनक्सवर "रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल", ११ येते. लोक मेमरी आणि प्रोसेसर बघत बसतात. संसाधन काही संपलेलं नसतं, तुमचाच टाइमआउट वाजलेला असतो.

तसंच नॉन-ब्लॉकिंग (निकालाची वाट न बघता परत येणाऱ्या) कनेक्टवर ११५ आला तर तो अपयश नाही, काम चालू आहे एवढाच अर्थ. सॉकेट लिहिण्यायोग्य झालं की एसओ-एरर (सॉकेटवर साठवलेली एरर) विचारायचं, खरा निकाल तिथे. विंडोज त्याच जागी १००३५ देतं.

पुणे_सोलापूर

ठरावीक वेळ शांत राहिल्यावर तुटणारी कनेक्शन विसरू नका. जेवून आलं की पहिली क्वेरी फेल, दुसरी चालते. मधल्या खोक्याने नोंद मिटवलेली असते. ॲमेझॉन क्लाउडच्या नॅट गेटवेची (आतल्या मशीनना बाहेर जोडणाऱ्या खोक्याची) निष्क्रिय मर्यादा ३५० सेकंद; त्यानंतर पॅकेट पाठवलं की आरएसटी येतं. दोन्ही टोकांचे लॉग म्हणतात "मी तोडलं नाही". तेही खरं असतं. कीपअलाइव्हचा वेळ त्या मर्यादेच्या आत आणला की जातं.

बाळीवेसकर

हे सगळं एका जागी लावायला घेतो. मजकूर पाठवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या, म्हणजे शोधता येतो. मूळ इंग्रजी मेसेज अक्षरशः द्या, एकही शब्द न गाळता. वेळ मोजून लिहा, लिनक्सवर टाइम कमांड लावली तरी पुरे. आणि पासवर्ड, ग्राहकाचं नाव, बाहेरचे आयपी झाकूनच पाठवा.

आपण स्वतः एरर लिहितो तेव्हा काय लिहावं हेही एका पानावर घेतोय. गो भाषेचा मेसेज बघा: डायल टीसीपी, पुढे पत्ता आणि पोर्ट, मग कनेक्ट, मग कनेक्शन रिफ्यूज्ड. काय करत होतो, कुठे करत होतो, कुठल्या कॉलवर अडलं, सगळं एका ओळीत. आपल्याकडच्या कितीतरी प्रोग्रामांत एक्सेप्शन पकडून "सर्व्हर एरर, कृपया पुन्हा प्रयत्न करा" एवढंच उरवतात. मूळ आकडा फेकून दिला की मग कितीही चांगली नोंदवही असो, उघडायची कुठून?

मागावरचा

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी हार्टबीट (तो "मी आहे" निरोप) टाकलाय, टेस्टिंग चालू आहे. पण आता दुसरंच विचारतो. गोदामातले स्कॅनर यूडीपीवर डेटा पाठवतात. त्यात कनेक्शनच नसतं असं ते सांगतात. मग ऐकणाऱ्या प्रोग्रामला विंडोजवर १००५४, कनेक्शन रीसेट, कुठून येतो? एक स्कॅनर बंद झाला की सगळ्यांचंच घेणं थांबतं.

विजापूरनाका

दादा, फार चांगला प्रश्न. तुमचा प्रोग्राम स्कॅनरला पोच पाठवत असेल. स्कॅनरवरचं ॲप बंद झालं की ती पोच घ्यायला त्या पोर्टवर कुणी नसतं, स्कॅनर पोर्ट अनरीचेबल असा आयसीएमपी निरोप परत धाडतो. विंडोज तो निरोप त्या सॉकेटच्या पुढच्या रिसीव्हला १००५४ म्हणून देतं. कनेक्शन नाही आणि रीसेट झालेलंही काही नाही. निरोप सांगायला विंडोजने तो आकडा निवडलाय. लिनक्सवर हाच निरोप कनेक्ट केलेल्या यूडीपी सॉकेटला रिफ्यूज्ड म्हणून मिळतो, साध्याला मिळतच नाही. म्हणून लिनक्सवर तपासलेला प्रोग्राम विंडोजवर असा अडतो.

तुमच्या प्रोग्रामात एरर आली की वाचण्याचा लूप सोडून देतात, त्यामुळे बाकीचे स्कॅनर अडकतात. १००५४ आला तर दुर्लक्ष करून पुढचं रिसीव्ह चालू ठेवायला सांगा. किंवा सॉकेट उघडल्यावर एसआयओ-यूडीपी-कॉनरीसेट हा पर्याय आयओकंट्रोलने बंद करायला सांगा, मग तो निरोप वर येणारच नाही. आणि पोच मिळाली नाही तर स्कॅनर तोच डेटा पुन्हा पाठवतो का, ते विचारा. पाठवत असेल तर एकच गठ्ठा दोनदा मोजला जातोय का तेही तपासा, सत्तरफूट यांचा चौथा रकाना इथे लागू आहे.

मागावरचा

दोनदा मोजला जातोय. कालच्या स्टॉकमध्ये तसा फरक आलेला आहे. उद्या सकाळी त्यांना घेऊन बसतो, आकडे इथं टाकतो.